दोघांचा वास

"घ्या, हुंगा," म्हणत तिने मनगट नवऱ्याच्या नाकाखाली धरलं.

नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवला, डोळे मिटले आणि मन लावून हुंगलं.

"मला काही येत नाही बुवा."

"कसं येईल? जन्मभर भुसा ओढलाय. नाक नाही ते, धुराडं आहे."

"मग दर वेळी विचारतेस कशाला?"

"तुमच्यावर उपकार म्हणून."

तो हसला. सुतारमाणूस. रागवायचं झालं तरी आधी माप घेणार आणि मग विसरून जाणार.

ती परफ्यूमची परीक्षक होती. कंपनी छोटी, बाटल्या मोजक्या, आणि भाव असा की विकत घेतलेला वास नाही आवडला तरी आवडला म्हणावंच लागे. प्रत्येक बाटलीसोबत कंपनी एक गोष्टही विकायची. जंगल, धुकं, हरवलेलं प्रेम, असलं काहीतरी. या भंपकपणाने तिची तळपायाची आग मस्तकात जायची. "वास सांगा, वासाची कुंडली नको," असं ती भर मीटिंगमध्ये तोंडावर सुनावायची.

या वेळी मागणी होती फळाची आणि लाकडाची. बाईनेही लावावा, बाप्यानेही. आलेले सगळे नमुने तिने मोडीत काढले होते. फळ घातलं की त्याचं सरबत व्हायचं, लाकूड घातलं की फर्निचरचं दुकान.

कामाची रीत ठरलेली होती. बाटली सीलबंद यायची, वर नुसता आकडा. बुचाला नाक लावायचं नाही. सकाळी घरी अंघोळ झाली की मनगटावर दोन थेंब, मग दिवसभर जगायचं आणि संध्याकाळी निकाल द्यायचा. मधूनच कधीतरी कंपनी न सांगता कोरी बाटली सरकवायची. आत नुसतं स्पिरिट. त्या बाटलीला गुण दिले की खुर्ची गेली. आधीच्या मुख्य परीक्षकाची तशीच गेली होती. कोऱ्या बाटलीत त्या गृहस्थाला पहाटेचं दव सापडलं होतं! आता त्याच खुर्चीत ती बसत होती, आणि दव आठवून अजून हसत होती. पण धडाही घेतला होता. आजवर तिने कशालाच पैकीच्या पैकी दिले नव्हते. शिव्या घालणाऱ्याची खुर्ची कधी जात नाही.

बाहेर गारठा होता. तिने नव्या कपाटातून लोकरी स्वेटर काढला. ती बहिणीकडे गेली होती तेव्हा नवऱ्याने गुपचूप हे कपाट करून ठेवलं होतं. काल ती प्रवासातून चोंदलेलं नाक घेऊन परतली, तर तिचे सगळे कपडे घड्या घालून आत.

"कसं झालंय ते काही बोलली नाहीस," तो म्हणाला.

"दार कुरकुरतं."

"दार गप्प आहे. कुरकुर तुझी आहे. आणि तो तळचा खण ओढू नकोस, अडकतोय. संध्याकाळी रंधा मारतो."

मग कुठूनशी एक नाशपाती आणून, पायजम्याला पुसून त्याने तिच्या पिशवीत टाकली. फळाला भुसा चिकटला होता.

"पिकवता कुठे ही?"

"जागा सांगितली तर कच्चीच फस्त करशील."

बस स्टॉपवर गार वाऱ्याने तिचं नाक एकदम मोकळं झालं, आणि तो वास तिला आला.

सवयीने तिने शिवी शोधली. सापडली नाही. पिकलेलं फळ होतं, पण लाडात आलेलं नव्हतं. मागे लाकूड होतं. ते उभं होतं, आडवं येत नव्हतं. बस आली, गेली. ती तिथेच, स्वतःशीच हसत. पुढच्या बसने गेली.

ऑफिसात शेजारचे परीक्षक, ज्यांना सगळे मामा म्हणत, खुर्ची सरकवत जवळ आले. "आज लावलंय काय? फळ आहे. लाकूडपण आहे."

"मामा, दुसऱ्याच्या नमुन्यात नाक खुपसू नका."

पण मनातून ती खूश झाली.

दुपारी हीटरने खोली तापली. तिने स्वेटर काढून खुंटीला टांगला. तासाभरात वास पार बसला. मेला, ती मनात म्हणाली. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचं नवल वाटलं. संध्याकाळी साहेबांकडे जायचं म्हणून स्वेटर अंगात चढवला आणि दार लोटलं, तर तो परत हजर.

"बोला," साहेब म्हणाले. "सरबत की दुकान?"

"पैकीच्या पैकी."

साहेबांनी चष्मा काढला. "तुम्ही?"

"मीच. दुपारी झोपतो आणि संध्याकाळी ताजा होऊन उठतो. आणि तुम्ही म्हणता ना, बाईचाही आणि बाप्याचाही? तसे सगळे लबाड असतात, दोघांनाही गंडवतात. हा तसा नाही. दोन माणसं बरीच वर्षं एका छताखाली राहिली, भांडली, तरी टिकली, की घराला जसा वास येत असेल तसा हा आहे. याच्यात एक थेंब बदलू नका. गोष्टबिष्ट तर अजिबात चिकटवू नका."

"विचार करून बोलताय ना?"

"खुर्ची लावते पणाला."

साहेब टेबलावरून पुढे वाकले. त्यांनी तिच्या मनगटाशी श्वास घेतला, थांबले, मग स्वेटरच्या बाहीपाशी घेतला, आणि पुन्हा एकदा बाहीपाशीच.

"वास आहे. मलाही येतोय, आणि असा मी आजवर घेतलेला नाही," ते म्हणाले. "पण बाई, तुमची बाटली कोरी होती."