आंघोळीचं पाणी

टक्. रांजणाच्या काठाला करवंटी लागली आणि घरातली शांतता तडकली.

"ठेव ती खाली, वहिनी," दोलाह म्हणाला.

रोकियाहने ठेवली नाही. रांजणातल्या पाण्यावर लिंबाची पानं तरंगत होती. तिच्यासमोर चटईवर तिचा नवरा, सेंग, निजवलेला होता. पहाटे रबराच्या बागेत चीक काढायला गेला होता. हातातली वाकडी सुरी लांबून बंदुकीसारखी दिसली, असं सैनिकांचं म्हणणं. छातीत तीन गोळ्या. सदरा रक्ताने वाळून पुठ्ठ्यासारखा झाला होता. बोटांवर मात्र रबराचा पांढरा पापुद्रा तसाच होता. रोज तो घरी आला की सहा वर्षांची नूरी त्याच्या मांडीवर बसून तो सोलून काढायची.

"माझ्या भावाला पाणी लागणार नाही." दोलाहने रांजणाच्या तोंडावर पंजा ठेवला. "शहिदाला आंघोळ नसते. हे रक्त अंगावर घेऊनच तो वर जाईल. कुणी मारलं ते तिथं तेच बोलेल."

"तिथं बोलेल रे. इथं कोण बोलणार?" तिने डोळ्यांनीच पायाखालच्या फळ्या दाखवल्या.

घर खांबांवर उभं होतं. फळ्यांच्या फटींतून खाली दोन टोप्या दिसत होत्या. ते सैनिक काय बघायला थांबलेत, हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. मयताच्या घरातून आंघोळीचं पाणी खाली पडलं, की साधं मरण. नाही पडलं, तर घरच्यांनी त्याला शहीद ठरवलं. म्हणजे तो बंडखोर, घर बंडखोरांचं, आणि घरात उरलेला तरणा गडी दिवस मावळायच्या आत त्यांच्या गाडीत. शेजारच्या मायाकीला असंच नेलं होतं. परत आणला तो चटईत गुंडाळून.

म्हातारे इमाम कफन मांडीवर घेऊन खांबाला टेकले होते.

"इमामआजोबा, तुम्ही तरी सांगा याला."

"धर्मात दोन्हीला आधार आहे, पोरी," ते कफनाकडे बघत म्हणाले. "घरच्यांनी ठरवायचं."

"वा! तुमचा आधार म्हणजे दोन्ही काठांना बांधलेली होडी," दोलाह फिसकारला.

धाड्! खालून बंदुकीचा दस्ता फळीवर बसला. सेंगचं डोकं उसळलं आणि पुन्हा टेकलं.

"ए बाई, पाणी कुठाय?" खालचा एक सैनिक थाईत ओरडला. घरात सगळे मलय बोलत, पण एवढं थाई सगळ्यांनाच कळायचं. "माणूस आहे की हत्ती, इतका वेळ लागायला?"

दुसरा हसला. पुन्हा धाड्. रोकियाहने सेंगच्या डोक्याखाली आपला हात सरकवला. तिसरा दणका तिच्या बोटांवर बसला.

"बास!" दोलाह शिडीकडे वळला. "नाही घालत म्हणावं आंघोळ. या वर आणि करा काय करायचं ते!"

तिने त्याची लुंगी धरली, त्याने हिसडा दिला. तशी ती उलटी धावली आणि तिने करवंटी रांजणात खुपसली. त्याने झेप घेऊन तिचं मनगट पिरगाळलं. ती त्याच्या दंडाला कडकडून चावली, तोंडात खारट चव येईपर्यंत. तो ओरडला आणि त्याची लाथ रांजणाला बसली.

रांजण फुटला. सगळं पाणी एकदम चटईकडे धावलं, सेंगच्या पाठीखालून गेलं आणि फटींतून खाली कोसळलं.

खालचं हसणं थांबलं. बूट भराभर मागे सरले.

"झाली एकदाची," कुणीतरी म्हणालं. वही मिटल्याचा आवाज आला.

दोलाहला कळलं. त्याने छाती भरून श्वास घेतला. "नाही झा—"

रोकियाहने हातातली करवंटी त्याच्या तोंडावर हाणली. करवंटीचे दोन तुकडे झाले. तो गुडघ्यांवर आला, तशी तिने त्याला फळ्यांवर पाडलं, त्याच्या छातीवर बसली आणि दोन्ही हातांनी त्याचं तोंड दाबून धरलं. त्याच्या फाटलेल्या ओठाचं रक्त तिच्या बोटांतून वर आलं.

"एक शब्द काढलास तर मी मारीन तुला," ती त्याच्या कानाशी कुजबुजली. "मी मारीन. त्यांना नाही मारू द्यायची तुला, ऐकलंस?"

तो तडफडला. तिच्या तळव्यात त्याचे दात रुतले. तिने हात काढला नाही. फाटकापाशी गाडी सुरू झाली, आवाज लांब लांब गेला, तेव्हा कुठे तिच्या हाताखालचे दात सैल पडले. मग त्याचं सगळं अंग हुंदक्यांनी हलायला लागलं.

इमाम उठले. त्यांनी सेंगचा खांदा जरासा उचलून पाहिला. पाठ निथळत होती. छातीवरचं रक्त होतं तसंच, टणक. त्यांनी खांदा हळूच परत टेकवला.

शिडी करकरली. नूरीला खाली कोंबड्यांपाशी बसवलं होतं, ती वर आली. तिच्या पिवळ्या झग्यावर तांबूस थेंब उडाले होते.

"आई, वरून लाल पाणी पडलं. तो शिपाई म्हणाला, बाबांची आंघोळ झाली."

काकाच्या तोंडावरचे आईचे हात तिने बघितले. मग फुटक्या रांजणाच्या खापऱ्या चुकवत ती बापाजवळ जाऊन बसली. त्याचा पंजा उचलून मांडीवर घेतला. बोटांवरच्या पांढऱ्या पापुद्र्यावरून नख फिरवलं, पण सोलला नाही.

"हे तर अजून तसंच आहे," ती म्हणाली. "आई, झाली का गं बाबांची आंघोळ?"