नमुना वाक्य

“शेवटचा शब्द, अन्याय. वाक्यात उपयोग करा, साहेब,” मास्तर म्हणाले.

पहिल्या बाकावरचे इंजिनिअर उठले. माणूस सुटाबुटातला, पण परक्या भाषेपुढे सुटाचं काय चालणार? “राजा...” ते म्हणाले आणि अडले. “राजा... अन्याय...”

“राजाने प्रजेवर अन्याय केला. हेच म्हणायचं होतं ना तुम्हाला?”

“हेच.”

“शाब्बास! पास.”

शेवटच्या बाकावर, न लागणाऱ्या दाराशेजारी बसलेल्या सुईणीने ओठ घट्ट मिटले. मागच्या परीक्षेत ती याच राजापाशी अडली होती. तेव्हा मास्तरांनी मनगटावरचं घड्याळ काढून तिच्यासमोर धरलं होतं आणि काट्याचा एक फेरा पुरा होताच म्हटलं होतं, “बस खाली. नापास.” त्याच्या आधीच्या परीक्षेतही तेच झालं होतं. आजची तिसरी वेळ. चौथी कुणालाच मिळत नसे.

बाहेरदेशातून आलेल्यांना इथली भाषा शिकवणारा हा दुपारचा वर्ग. त्याच्या प्रमाणपत्राशिवाय तिला बाळंतिणीला हात लावायची परवानगी नव्हती. आपल्या मुलखात तिने तीस वर्षं बाळंतपणं केली होती. आडवी आलेली मुलंसुद्धा सुखरूप बाहेर काढली होती. इथे ती प्रसूतिगृहाची फरशी पुसायची. आत एखादी नवशिकी नर्स चुकली की दाराबाहेर बाळंतिणीच्या ओरडण्यावरून हिला कळायचं, आणि ही फडकं पिळत उभी राहायची. पिळून पिळून हाताची सालं निघाली होती.

मास्तर मात्र विद्वान. इतके विद्वान, की समोरचा काय बोलतोय ते ऐकायला त्यांना फुरसत नसे. तो ते कसं बोलतोय एवढंच ते ऐकत. एकदा एक म्हातारा उभा राहून रडवेल्या आवाजात म्हणाला, “काल माझी बहीण वारली.” मास्तर म्हणाले, “बहीण वारली. स्त्रीलिंग. बरोबर. बसा.” म्हातारा बसला.

दर आठवड्याला फळ्याच्या कोपऱ्यात चौकट आखून ते एक नमुना वाक्य लिहीत आणि खाली लफ्फेदार सही ठोकत. आठवडाभर त्याला कुणी हात लावायचा नाही. या आठवड्याचं वाक्य होतं, ‘सूर्य पूर्वेला उगवतो.’ त्याखालीही सही होतीच. सूर्य जणू यांना विचारूनच उगवत होता.

“ए, मागची! चल, आटप.”

सुईण उठली. परीक्षेला येणाऱ्या चार शब्दांची चार वाक्यं तिने पुस्तकातून घोकून आणली होती. राजाही या खेपेला चोख पाठ होता. मास्तरांनी घड्याळ काढलं, तिच्याकडे तोंड करून टेबलावर ठेवलं आणि ते संत्रं सोलायला लागले. वर मानसुद्धा केली नाही.

ते घड्याळ पाहिलं आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. राजा गेला खड्ड्यात, तिला वाटलं. प्रमाणपत्रही गेलं तर जाऊ दे. आयुष्यभर फरशी पुसेन, पण आज या माणसाला ऐकवल्याशिवाय खाली बसणार नाही.

“अन्याय,” मास्तर म्हणाले.

“मी अडले तेव्हा मी नापास झाले. इंजिनिअर अडले तेव्हा ते पास झाले. हा अन्याय आहे.”

वर्गात कुणीतरी खोकलं. इंजिनिअरांचे कान लाल झाले.

“हं. काळ बरोबर. भेदभाव.”

“मास्तर इंजिनिअरांना ‘तुम्ही’ म्हणतात. मला ‘ए’ म्हणतात. मी मास्तरांपेक्षा वयाने मोठी आहे. हा भेदभाव आहे.”

“विभक्ती बरोबर.” मास्तरांनी एक फोड तोंडात टाकली. “पूर्वग्रह.”

“माझ्या हातात फडकं आहे, म्हणून माझं डोकं रिकामं आहे, असं मास्तरांनी पहिल्याच दिवशी ठरवलं. हा पूर्वग्रह आहे.” तिचा आता एकही शब्द अडत नव्हता.

“मिश्र वाक्य! वा. पक्षपात.”

“मास्तर पहिल्या बाकाला उत्तर सांगतात आणि शेवटच्या बाकाला घड्याळ दाखवतात, हा पक्षपात आहे.”

आता भडका उडणार, म्हणून म्हाताऱ्याने डोळेच मिटले. सुईण उभीच राहिली. तिने मान खाली घातली नाही.

मास्तरांची फोड तोंडातल्या तोंडात थांबली. त्यांनी वर पाहिलं. मग ते चक्क हसले.

“असला मास्तर तू कुठे पाहिलास कोण जाणे! पण वाक्य झकास आहे. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी. पास!”

त्यांनी प्रमाणपत्रावर शिक्का मारून ते तिच्याकडे सरकवलं. तिने ते घेतलं आणि पहिल्यांदाच त्या माणसाकडे नीट निरखून पाहिलं. एवढी वर्षं शब्द शिकवून एकही शब्द कानात न शिरलेला माणूस! तिचा राग कुठल्या कुठे गेला. राहिली ती निव्वळ कीव, आणि तीही फार नाही.

“थांबा, जाऊ नका कुणी,” मास्तर म्हणाले. “हे सगळ्यांनी वहीत उतरवून घ्या.”

संत्र्याचा हात कोटाला पुसून ते फळ्याकडे वळले. सूर्य पुसून टाकला. चौकटीत तिचं ते घड्याळाचं वाक्य अथपासून इतिपर्यंत वळणदार अक्षरात लिहिलं आणि खाली, नेहमीप्रमाणे, स्वतःची सही केली.