दोन इंच खाली

बेर्डे सिस्टरांची उभी केलेली मोटरसायकल आज सकाळी चाळीस बाळांच्या लसींसकट दरीत गेली. पण तसं काही झालेलंच नाही, असं धरून आपण कालपासून सुरुवात करू.

सिस्टरांची उंची सव्वाचार फूट, म्हणून बाबलमिस्त्रीने सीट तासली, शॉक बदलले, गाडी दोन इंच खाली आणली. पाय टेकले. साइड स्टँड तेवढा कापायचा राहिला. एरवी डावीकडे कलणारी गाडी लांब पडलेल्या स्टँडवर ताठ उभी राहिली आणि वारा नसताना हळूच उजवीकडे झुकली. बाबलने तिला गुपचूप कमरेने रेटून धरलं.

"मिस्त्री, ही अशी अवघडून का उभी?"

"नवीन काम आहे सिस्टर. सवय होईल."

"मला की गाडीला?"

बाबल हसला. सिस्टर रोज गाडी कुठे लावतात, हे त्याला ठाऊक होतं: वाडीच्या वळणावर, उजव्या हाताला दरी. पण त्याच्या हातची एकही गाडी वीस वर्षांत दुरुस्तीला परत आली नव्हती.

आज दुपारी त्याने ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला, वर कालची तारीख घातली: "सदर वळणावरील डावीकडची जमीन दोन इंच खाली करून मिळावी, ही नम्र विनंती."