बेल वाजल्यावर

नानांना ऐकू येईनासं झालं होतं, पण मुलगी केतकी सोडून त्यांनी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यांचे जुने मित्र खातूकाका दोनदा बेल वाजवून परत गेले, हे त्यांना शेजाऱ्यांकडून कळलं. "त्याला वाटलं असेल, मी मुद्दाम दार उघडलं नाही," नानांनी केतकीला कळवलं.

केतकी रजा घेऊन चिपळूणला आली आणि बेल वाजली की थरथरेल असा मनगटाचा पट्टा त्यांच्यासाठी बनवायला बसली. बेलवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम वेगळा, पट्टा हलवणारा वेगळा. दुसऱ्याने पहिल्याला एक इंटरफेस ऑब्जेक्ट, म्हणजे दोघांमधला एक दुवा, द्यायचा आणि बेल वाजली की पहिल्याने त्यातून हाक मारायची. पण पट्टा चाचणीपुरता एकदा थरथरला आणि मग गप्पच झाला.

तीन दिवस ती रस्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेतला कोड वाचत होती. चौथ्या दिवशी चूक सापडली. पहिला प्रोग्राम त्या ऑब्जेक्टची नुसती ओळख ठेवत होता, त्याला धरून ठेवत नव्हता. कोणीच धरलेला नाही म्हटल्यावर तो मेमरीतून आपोआप नाहीसा होत होता. तिने दोन ओळी बदलल्या आणि खातूकाकांना फोन लावला. "काका, आज याल का?"

"दार उघडणार आहे का तुझा बाप?"

पाच वाजता पेपर वाचता वाचता नाना एकदम मनगटाकडे बघत उठले. केतकी मुद्दाम जागची हलली नाही.

"आज बरं ऐकू आलं तुला!" काका दारातच फुरंगटून म्हणाले.

नानांनी त्यांच्या ओठांवरून ते ओळखलं. "ऐकू नाही आलं रे. मला आता ऐकूच येत नाही," ते म्हणाले. "तू आलायस, एवढं कळलं."