बॉनेटमधलं लिंबू

मोटारी दुरुस्त करणारा कसालात मी एकटाच, पण स्वतःची मोटार आली ती माझ्या चुलतभावाकडे, भिकूकडे. मुंबईहून जुनी आणून तो ती मालवणपर्यंत भाड्याने चालवायचा. माझी बायको मथुरा एकदाच तिच्यातून बाजाराला गेली आणि दोन दिवस तिच्या गाद्यांबद्दलच बोलत होती.

चढावावर मात्र ती मोटार ठसके द्यायची. मिसिंग काही जाईना. तीनदा मी प्लग साफ केले, पॉइंट घासले. चौथ्या खेपेस वायरींच्या मागे चाचपलं, तर तांब्याच्या तारेत ओवलेलं लिंबू हाताला लागलं. तारेचं एक टोक प्लगच्या फाटक्या वायरीला गुंडाळलेलं, दुसरं इंजिनाला. ठिणगी प्लगला पोचायच्या आधीच तारेतून पळत होती.

"ह्या कित्याक रे?"

"नजर लागू नये म्हणान. दोरो गरमीन जळता, म्हणान तार घातलंय. गावात कोणतरी माझ्यावर जळता."

मी बॉनेट हळूच खाली घेतलं.



"लिंबू सुकला, भिकू. शनिवारी ताजा बांध. थयच, त्याच तारेन."