पाचवी कोणाची

“चारच,” शुभाकाकू म्हणाल्या. “पाचवी त्याची नाही.”

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या लायब्ररीतल्या मीटिंग रूममध्ये सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. महिन्यातून एका शनिवारी दुपारी तिथे मराठी वाचक मंडळ भरायचं. आजचा विषय रेणूने निवडला होता. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनच्या व्हाइटचॅपल भागात लागोपाठ पाच बायका मारल्या गेल्या. खुनी सापडलाच नाही. त्यातले नेमके कोणते खून एका माणसाचे, यावर लोक अजून भांडतात.

रेणू पीएचडी करायला नुकतीच आली होती, मंडळात तर नवीकोरी. शंतनू जुना. विषय कळल्याबरोबर त्याने काकूंना फोन केला होता.

“काकू, या वेळी नाही आलात तरी चालेल हं. जरा रक्तबंबाळ टॉपिक आहे.”

“मी मालवणची आहे रे. मासे साफ करत मोठी झाले. येते.”

प्रल्हादकाकांनीही घरून निघताना गाडीची किल्ली हातात धरून विचारलं होतं, “जायलाच हवं का?” काकूंनी उत्तर न देता चपला घातल्या. मग काकाही आले. तिला एकटीला सोडायचं नव्हतं त्यांना.

चहा ओतताना रेणूने सहज विचारलं, “काकू, तुमचा मुलगा इथेच असतो ना?”

“ईशान? रॅली शहरात. अर्ध्या तासावर.”

“अरे वा! मग वीकेंडला येत असेल.”

“मीच जाते.”

शंतनूने घाईघाईने समोशांची ताटली पुढे केली आणि चर्चा सुरू करायला सांगितलं.

प्रल्हादकाका तसे मितभाषी. फार्मा कंपनीतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, मंडळात त्यांच्या शब्दाला वजन होतं. आज मात्र त्यांनीच पहिल्यांदा तोंड उघडलं. “पाचही एकाचेच. तोच भाग, तोच मोसम, तीच पद्धत. यात चर्चा कसली?”

त्यावर काकू म्हणाल्या होत्या, चारच.

“का पण, काकू?” रेणू पुढे सरकली. तिला मजा यायला लागली होती.

“पहिल्या चौघी चाळिशी ओलांडलेल्या. ही पाचवी, मेरी केली, पंचविशीतली. त्या चौघी रस्त्यावर, नाहीतर कुणाच्या अंगणात गेल्या. ही स्वतःच्या खोलीत. दार लागलेलं. फुटक्या खिडकीतून हात घातला की आतली कडी निघायची, पण ते ओळखीच्या माणसालाच माहीत.”

“खुन्याला तिनेच आत घेतलं असेल,” काका म्हणाले.

“म्हणजे ओळखीचाच की!”

एक-दोघं हसले. काका हसले नाहीत.

शंतनू मध्ये पडला. “पण काकू, पॅटर्न मॅच होतो ना? गळा, मग ते बाकीचं सगळं.”

“पॅटर्न पेपरात छापून येत होता, बाळा. आधीच्या चौघींचं वाचायचं आणि पाचवीला तसंच करायचं. कुणाला तरी ती नकोशी झाली असेल. बाहेर एक राक्षस फिरतोय म्हटल्यावर आपल्या हातचं पाप त्याच्या माथी मारणं किती सोपं!”

“कॉपीकॅट!” रेणू म्हणाली. “काकू, तुम्ही खूप वाचलंय यावर.”

“दुसरं काय करते मी?”

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. “शुभा, पुरे. दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट. घरी जाऊ या.”

“मी नाही येत.”

इतक्या वर्षांत काकूंना कोणी असं बोलताना ऐकलं नव्हतं. काका ऊठ म्हणाले की त्या उठायच्या. आज त्या खुर्चीत मागे रेलून बसल्या.

“काकू, आपण ब्रेक घेऊ या का?” शंतनूने हळूच विचारलं.

“नको. ब्रेक खूप झाले.”

“अगं, असं समज,” काका समजुतीच्या सुरात म्हणाले. लहान मुलांशी बोलावं तसे. “चार खून तर त्याने केलेतच. त्याला चारांची जी शिक्षा, तीच पाचांची. मग पाचवीने काय फरक पडतो?”

“पाचवीला पडतो.”

शंतनूने उचललेला समोसा परत ताटलीत ठेवला.

“तिलाही आई असेल,” काकू म्हणाल्या. “आपली पोर नेमकी कोणी मारली, हे तिला कळायला नको? का तीही चौथीच्या पुढे नुसती जोडून द्यायची, मोजायला सोपी म्हणून? आणि जो सुटला तो काय, जन्मभर चारचौघांत बसून चहा पीत राहणार?”

रेणूला कौतुक वाटत होतं. बाकीचे जमिनीकडे बघत होते. शंतनूने रेणूला नजरेने खूण केली, पण ती तिला कळली नाही.

काकांचा चेहरा लाल झाला. “बरं! मग सांग ना सगळ्यांना. पाचवी त्याची नाही, याला तुझ्याकडे पुरावा काय?”

काकू उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज जराही चढला नाही.

“आपल्या ईशानने चौघींना मारलं. ते मी कोर्टातसुद्धा नाकारलं नाही. पण तुमच्या ऑफिसातली शिवांगी गेली, त्या दुपारी तो तापाने फणफणला होता आणि मी त्याच्या कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवत होते. आईचं कोणी खरं मानलं नाही. त्या दुपारी घरी नव्हतात ते तुम्ही.”