इलाहीभाईंचा पडदा

इलाहीभाई मुजावर मुलीच्या लग्नासाठी रजेवर गेले आणि दूध संघातलं त्यांचं टेबल मृणाल घोरपडेकडे आलं. खुर्चीत बसताच ती गोंधळली. संघाच्या नव्या संगणक प्रणालीत प्रत्येकाचा पडदा ज्याच्या त्याच्या नजरेप्रमाणे आपोआप मांडला जाई. बघाल ते बटण मोठं होई, दुर्लक्ष कराल ते विरून जाई. भाईंच्या पडद्यावर तिला ओळखीचं काहीच सापडेना.

तिनं फोन लावला. "भाई, तुमची मांडणी पुसून माझी आणू का?"

"पुसू नकोस, पोरी! आधी सगळ्यात वर काय आहे ते बघ."

वर ठळक बटण होतं, 'वरचा धनगरवाडा'. तिथून दूध येई जेमतेम, त्यामुळे मृणालनं तिकडे कधी बघितलंच नव्हतं आणि तिच्या पडद्यावरून तो वाडा केव्हाच नाहीसा झाला होता. बटण दाबल्यावर कळलं, घाटापलीकडे जनावरांची साथ आली होती आणि वाड्यावरच्या म्हशींना आजच लस टोचायला हवी होती.

तिनं तातडीनं ड्रोननं लस पाठवली. मग ते बटण सगळ्यांच्या पडद्यावर कायमचं बसवायला घेतलं.

"याकडे फारसं कोणी बघत नाही. तरी ठेवायचं?" प्रणालीनं विचारलं.

"ठेव. आता बघतील."

संध्याकाळी ड्रोन परतला तो तुपाची बरणी घेऊन. पाठोपाठ धनगरवाड्यावरच्या भागूबाईंचा फोन आला.

"म्हशी टोचून झाल्या गं. तूप भाईंच्या लेकीच्या लग्नाला धाडलंय. तूच पोचव, आणि जेवून ये."

बरणी छातीशी घेऊन मृणालनं खुशीत मांडवाची वाट धरली.